पंप दुसऱ्यांदा गेला? नवा घेण्याआधी जुना उघडून पाहा

दिवाळीच्या आसपास हलका धान निघाला की तिरोडा तालुक्यातल्या पिकअप गाड्यांना उसंत राहत नाही. वडेगाव, परसवाडा, मुंडीकोटा, सुकडी या बाजूंनी पोती खरेदी केंद्राकडे निघतात, कोणाची राइस मिलकडे, कोणाची थेट गोंदियाला. नेमक्या याच दिवसांत दहा-पंधरा वर्षांची जुनी गाडी भरल्या मालावर झटके देऊ लागते, रेस घेत नाही, किंवा सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली तरी उठत नाही. मिस्त्री तपासतो आणि सांगतो, ‘पंप गेला.’ नवा पंप बसतो, गाडी पळते आणि काही महिन्यांत पुन्हा तेच रडगाणे सुरू होते.

पंप वर्षानुवर्षे चालून एकदा गेला, तर तो झिजला असे म्हणता येईल. थोड्याच काळात तो दुसऱ्यांदा गेला, तर दोष पंपाच्या बाहेर कुठेतरी आहे असे धरूनच तपासाला सुरुवात करावी. टाकीतले पाणी, पाइपातली हवा, तुंबलेली जाळी, वायरमधला ढिला जोड किंवा डब्यातून ओतलेले घाण डिझेल यांपैकी कोणीतरी पंपाचा जीव घेत असते. ते शोधल्याशिवाय तिसरा पंप बसवणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हा शोध कमी खर्चाच्या तपासणीपासून जास्त खर्चाच्या तपासणीकडे कसा न्यायचा, ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी ठरवा, कोणता पंप गेला?

‘पंप गेला’ या दोन शब्दांत वेगवेगळे भाग मोडतात. जुन्या यांत्रिक डिझेल इंजिनात टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप असतो. तो लहान असतो आणि बहुतेक वेळा त्याला हाताने दाबायचा प्रायमर असतो. त्याच्यापुढे नोझलला दाबाने डिझेल पोचवणारा मोठा इंजेक्शन पंप असतो. हा मोठा पंप सरळ रांगेतल्या प्लंजरचा म्हणजे इनलाइन असेल किंवा गोल, रोटरी असेल. बऱ्याच रोटरी पंपांच्या पोटातच डिझेल ओढणारी व्यवस्था असते, त्यामुळे तिथे वेगळा फीड पंप दिसत नाही आणि हाताचा प्रायमर फिल्टरवर बसवलेला असतो. त्यानंतरच्या कॉमन रेल गाड्यांत हाय प्रेशर पंप असतो. त्याला डिझेल पुरवणारा कमी दाबाचा पंप काही मॉडेलांत विजेवर चालतो, तर काहींत मुख्य पंपालाच जोडलेला असतो.

हा फरक समजून घेण्याचे कारण वंगणात आहे. साधारणपणे इनलाइन पंपाच्या खालच्या भागाला इंजिन ऑइलचे वंगण मिळते. रोटरी आणि बहुतेक कॉमन रेल पंपांना मात्र वाहणाऱ्या डिझेलचेच वंगण असते. डिझेलमध्ये पाणी किंवा रॉकेल आले की हे पंप आधी मरतात. त्यांच्यातले प्लंजर आणि बॅरल यांच्यामधली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून धुळीचा एक कण तिथे काय करू शकतो ते ध्यानात येईल.

काही वेळा पंप धडधाकट असतो आणि आळ मात्र त्याच्यावर येतो. रोटरी पंपावर डिझेल बंद-चालू करणारा विजेचा सोलेनॉइड असतो. त्याची वायर निघाली किंवा फ्यूज उडाला, तर इंजिन जागचे हलत नाही. चावी फिरवल्यावर सोलेनॉइडचा ‘टक्’ असा आवाज येतो का आणि त्याच्या तारेवर 12 व्होल्टच्या आसपास वीज पोचते का, एवढे पाहिले तरी पंप उतरवण्याचा खर्च वाचू शकतो.

मेलेला पंप काय सांगतो

पंप बदलला की जुना पंप परत मागा. तो तुमचा आहे आणि तपासातला सगळ्यांत मोठा पुरावाही तोच आहे. शक्य असेल तर पंप दुरुस्तीच्या दुकानात तुमच्यासमोर उघडायला लावा. तिरोड्यात तशी सोय झाली नाही, तर गोंदिया किंवा नागपूरला टेस्ट बेंच असलेल्या दुकानात न्या.

प्लंजरवर लांबट ओरखडे दिसले, तर धूळ किंवा गाळ फिल्टर ओलांडून आत शिरला आहे. तांबूस डाग आणि टोचल्यासारखे खड्डे हे पाण्याचे लक्षण. गंज किंवा घाण नसताना धातू घासून चकाकत असेल, प्लंजर जागीच जाम झाला असेल, तर वंगण कमी पडले आहे. त्यामागे डिझेलमधले रॉकेल असेल किंवा पंप हवा ओढत कोरडा फिरत असेल. रबरी पडदा किंवा सील फुगले, चिरले असतील, तर इंधनात भलतेच काही मिसळले होते किंवा सुटा भाग हलक्या दर्जाचा होता. विजेच्या पंपाचा कनेक्टर काळवंडून वितळला असेल, तर तपास टाकीकडे न नेता वायरिंगकडे वळवा.

कॉमन रेल पंपात चंदेरी चुरा दिसला, तर नुसता पंप बदलून भागणार नाही. तो चुरा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या पाइपाने टाकीतही गेलेला असतो. सगळी यंत्रणा धुतली नाही, तर हाच चुरा नवा पंप खातो. हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत राम कंपनीने 2021 मध्ये 2019-20 सालचे दोन लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रक हाय प्रेशर पंपाच्या दोषासाठी परत बोलावले होते. तिथे पंपाची रचनाच दोषी ठरली. आपल्या जुन्या गाडीत मात्र वर्षानुवर्षे चाललेल्या जातीचाच पंप आता वारंवार मरू लागला असेल, तर रचनेला दोष देण्याआधी आजूबाजूला पाहावे.

आणखी एक खूण डिपस्टिकवर मिळते. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि ऑइल पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाच्या किंवा इंजेक्शन पंपाच्या सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरत असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवत राहिलात, तर पंपापाठोपाठ बेअरिंगही जाईल.

बाटलीतली परीक्षा

सगळ्यांत स्वस्त तपासणीला एक पारदर्शक काचेची बाटली लागते. डिझेल फिल्टरच्या किंवा वॉटर सेपरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून पहिले अर्धा लिटर डिझेल तिच्यात घ्या आणि बाटली रात्रभर न हलवता ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे सकाळी तळाशी वेगळा थर दिसेल. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत जाळे दिसले, तर तिथे जंतूंची वाढ झाली आहे. हीच घाण फिल्टर वारंवार तुंबवते. टाकीच्या तळाच्या प्लगमधूनही असाच नमुना घ्या. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की घाण टाकीतून येते की पुढे कुठे शिरते, ते कळते.

आपल्याकडे टाकीत पाणी येण्याचे मार्ग बरेच आहेत. रोवणीच्या दिवसांत गाडी पावसात उभी असते आणि टाकीला मूळचे झाकण हरवून भलतेच बसवलेले असते. खरीप आणि उन्हाळी धान यांच्या मधल्या काळात गाडी अर्ध्या टाकीवर आठवडेच्या आठवडे उभी राहते. थंडीत गोंदियाचा पारा विदर्भातल्या सर्वांत कमी तापमानांच्या यादीत अनेकदा असतो. रिकाम्या अर्ध्या टाकीतल्या हवेतले बाष्प रात्री पत्र्यावर जमते आणि थेंबाथेंबाने तळाशी उतरते. म्हणून गाडी काही दिवस उभी करायची असेल, तर टाकी भरून उभी करा.

दुसरा मार्ग बांधीवरून येतो. मळणी यंत्र आणि पाण्याच्या इंजिनासाठी कॅनमध्ये आणलेले डिझेल अडीअडचणीला पिकअपच्या टाकीत जाते. त्या कॅनमध्ये आधी काय होते, हे कोणालाच आठवत नसते. डिझेलसाठी एकच स्वच्छ कॅन ठेवा, त्यावर तसे लिहा आणि ओतताना बारीक जाळीचे नरसाळे वापरा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यात डिझेल साठवू नका. जस्त डिझेलमध्ये उतरते आणि नोझलवर त्याची पुटे चढतात.

तिसरा मार्ग पेट्रोल पंपावरचा. जून 2025 मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या डिझेल भरल्यावर थोड्याच अंतरावर बंद पडल्या. टाक्या उघडल्या तेव्हा पाणी निघाले आणि प्रशासनाने तो पंप सील केला. बड्या ताफ्याची ही गत होत असेल, तर आपण जोरदार पावसानंतर डिझेल भरताना डोळे उघडे ठेवायलाच हवेत. पंपावर त्या दिवशीची घनता विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. 15 अंश तापमानाला आणून काढलेली घनता चलनावरच्या आकड्यापेक्षा दर घनमीटरला तीन किलोहून अधिक वेगळी असेल, तर संशयाला जागा आहे. शिक्का मारलेल्या पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवण्याची मागणीही करता येते. पावती जपून ठेवा आणि तक्रारवहीत नोंद करा. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 या क्रमांकावर आहे.

टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता

डिझेल स्वच्छ निघाले, तर पुढचा संशय ओढीवर घ्या. पंपाला डिझेल ओढताना जादा जोर लावावा लागतो का, की तो डिझेलऐवजी हवा ओढतो?

प्रथम टाकीचे झाकण पाहा. गाडी अडखळायला लागली की थांबून झाकण उघडा. ‘फुस्स’ करत हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी काही अंतर नीट चालली, तर टाकीचा श्वासमार्ग बंद आहे. झाकणाचे किंवा व्हेंट पाइपाचे छिद्र मातीने बुजलेले असते. एवढ्याशा छिद्रासाठी पंप बदललेले मालक कमी नाहीत.

नंतर फिल्टरच्या अलीकडे आणि पंपाच्या अलीकडे डिझेल चालेल असा पारदर्शक पाइपाचा तुकडा तात्पुरता बसवा आणि इंजिन चालू ठेवून पाहा. बुडबुड्यांची माळ दिसली, तर गाडी एअर घेते आहे. अशा ठिकाणी बाहेर डिझेल गळताना दिसेलच असे नाही. ओढीच्या बाजूला आतला दाब कमी असल्याने डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. रबरी पाइपाला गेलेले तडे, सैल क्लिपा, दुसऱ्यांदा वापरलेले तांब्याचे वॉशर, फिल्टरची चपटी झालेली रिंग, प्रायमरचा झिजलेला दट्ट्या, हे सगळे एकेक करून तपासा. पंप काढून परत बसवताना तांब्याचे वॉशर दर वेळी नवेच घ्या.

यातून उलगडा झाला नाही, तर यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीसाठी डब्याची चाचणी सर्वांत विश्वासाची. एका स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घ्या, तो पंपापेक्षा थोडा उंच घट्ट बांधा आणि नव्या पाइपाने थेट फिल्टरला जोडा. परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडा. आता गाडी नीट रेस घेत असेल, तर इंजेक्शन पंप निर्दोष आहे. दोष टाकी, तिच्यातली जाळी, टाकीपासूनचा पाइप किंवा वेगळा फीड पंप असेल तर तो, यांत आहे. डब्यावरही गाडी तशीच रडत असेल, तर दोष फिल्टर, पंप किंवा नोझलकडे सरकतो. ही चाचणी उभ्या गाडीवर, उघड्या जागेत, गरम सायलेन्सरपासून दूर आणि फक्त डिझेलवर करा. पेट्रोलच्या गाडीवर ती कधीही करू नका.

परतीचा पाइप सहसा कोणी पाहत नाही. तो चेपला किंवा तुंबला असेल, तर पंपाच्या पोटातला दाब बिघडतो, तापमान वाढते आणि सील वारंवार जातात. तो टाकीपर्यंत मोकळा आहे का, हे जुना फिल्टर बदलतानाच पाहून घ्या. जुना फिल्टर टाकून न देता कापून उघडा. कागदावर गंज, चंदेरी चुरा की काळा चिखल, ही नोंद पुढे उपयोगी पडते.

विजेचा पंप वारंवार जळत असेल तर

विजेवरच्या पंपाला कमी व्होल्टेज मिळाले की तो जास्त करंट ओढतो किंवा मंद फिरतो आणि तापतो. मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. मग मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पंपाच्या प्लसवर ठेवा. मधली घट अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाली, तर रिले, फ्यूजचा खाचा किंवा कनेक्टर यांपैकी काहीतरी खराब आहे. अशीच मोजणी अर्थिंगच्या बाजूने करा. चासीला लावलेला गंजका अर्थिंगचा बोल्ट हा जुन्या गाडीतला नेहमीचा गुन्हेगार.

मोठे हॉर्न, जादा दिवे, वरातीसाठी लावलेली म्युझिक सिस्टीम यांची वायर पंपाच्याच लाइनवर जोडली असेल, तर ती वेगळी करा. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे पंपासोबत गाडीही पणाला लावणे. पेट्रोलच्या गाडीत टाकीतला विजेचा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, त्यामुळे सतत रिझर्व्हवर गाडी चालवण्याची सवय त्याचे आयुष्य कमी करते.

डिझेल बदलले, गाडी जुनीच राहिली

तुमची गाडी बीएस-3 काळातली असेल, तर ती 350 पीपीएम गंधकाच्या डिझेलसाठी बनली. एप्रिल 2017 पासून देशभर 50 पीपीएमचे आणि एप्रिल 2020 पासून 10 पीपीएमचे डिझेल आले. गंधक काढताना डिझेलची नैसर्गिक वंगणशक्तीही कमी होते, म्हणून शुद्धीकरण कारखाने त्यात वंगणाचे द्रव्य मिसळतात. त्यामुळे चांगल्या पेट्रोल पंपावरचे डिझेल जुन्या इंजिनालाही चालते. मात्र रॉकेल मिसळले की ही वंगणशक्ती घसरते. रबराची जुनी, कडक झालेली सील इंधन बदलल्यावर आक्रसून गळू शकतात. पंप दुरुस्त करताना म्हणूनच पूर्ण सील किट बदलून घ्या. एक-दोन सील बदलून काम भागवू नका.

पंप खरोखर दोषी आहे, हे कसे ओळखावे

काही वेळा पंपच झिजलेला असतो, हेही मान्य करायला हवे. झिजलेल्या रोटरी पंपाची एक ओळखीची खूण आहे. गाडी सकाळी थंडीत पटकन सुरू होते, पण उन्हात चालून गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा लागत नाही. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून दाब निसटतो. बंद इंजिनावर पंपाला ओले फडके गुंडाळून थोडा वेळ थांबल्यावर गाडी सुरू झाली, तर पंप उघडण्याची वेळ आली आहे. गरम पंपावर बादलीभर गार पाणी मात्र ओतू नका, त्याने तो जाम होऊ शकतो.

नवा पंप बसवताना

पंप आकारावरून घेऊ नका. जुन्या पंपाच्या पट्टीवरचा क्रमांक लिहून घ्या आणि तोच क्रमांक मागा. जुने मिस्त्री ज्याला ‘मायको’ म्हणतात, ती 1951 साली सुरू झालेली कंपनी 2008 पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते आणि नाशिकच्या सातपूरमध्ये तिचा इंजेक्टर-नोझलचा कारखाना आहे. तिच्या नावाच्या खोक्यात नकली माल विकणारेही भेटतात, त्यामुळे पक्के बिल घ्या. दुरुस्त केलेला पंप घेत असाल, तर टेस्ट बेंचवरच्या रीडिंगची चिठ्ठी मागा.

बसवण्याआधी टाकी उतरवून धुवा, पाइप हवेने साफ करा आणि फिल्टर नवा लावा. कॉमन रेल गाडीत नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नका, कारण ते न गाळलेले डिझेल थेट पंपाकडे जाते. हाताच्या किंवा विजेच्या प्रायमरने भरा. यांत्रिक पंपात एअर काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर मारा आणि मगच सेल्फ लावा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. कोरडा फिरलेला नवा पंप पहिल्याच दिवशी निम्मा संपतो.

एक इशारा गांभीर्याने घ्या. जुन्या इंजिनात नोझलचे नट सैल करून एअर काढण्याची पद्धत कॉमन रेल गाडीत जिवावर बेतू शकते. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी आतले मांस सडू शकते. असे झाले तर घरगुती इलाज न करता तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

गाडीत एक वही ठेवा

डिझेल कुठे आणि किती भरले, फिल्टर कितव्या किलोमीटरला बदलला, बाटलीत काय दिसले, पंप कधी आणि कोणत्या लक्षणाने गेला, एवढ्या चार नोंदी वहीत लिहीत जा. दोन बिघाडांच्या मधले किलोमीटर आणि डिझेल भरल्याची ठिकाणे शेजारी मांडली की जे कारण कोणाला सापडत नव्हते, ते बहुधा कागदावर दिसते. फिल्टर काही शेकड्यांत येतो आणि बाटली फुकट मिळते. पंपाला मात्र हजारो रुपये जातात आणि हंगामातला बुडालेला दिवस वेगळाच. तेव्हा यंदाच्या धानाच्या हंगामाआधी एक सकाळ काढा, टाकीच्या तळाचे डिझेल बाटलीत घ्या, झाकण आणि परतीचा पाइप तपासा. तिसऱ्या पंपाची ऑर्डर त्यानंतरच द्या.